अस्तरावरचा पत्ता

रफूवालीच्या वेबसाइटवर महिनाभरात चार माणसं फिरकली, त्यातली तीन घरचीच. “जाहिरातीशिवाय कुत्रं विचारत नाही, आई,” लेक म्हणाली. तेव्हापासून लाँड्रीवाल्याकडून रफूला आलेल्या प्रत्येक कोटाच्या अस्तरावर रफूवाली वेबसाइटचा पत्ता शिवू लागली. आजवर तिचं काम तो स्वतःचं म्हणून मिरवायचा; आयत्या बिळावर नागोबा! आठवड्यात वेबसाइटवर साठजण आले. आज लाँड्रीवाला एक कोट घेऊन तणतणत आला. “गिऱ्हाईकं माझी आणि जाहिरात तुमची? आत्ता उसवा हा पत्ता! कोटाचे मालक दुकानात थांबलेत.” तिने त्याच्या हाती कात्री दिली. “तुम्हीच उसवा. पण रफूचा दोरा मी तोडत नाही, त्याच दोऱ्याने आत पत्ता शिवते. पत्ता उसवला, की बाहेरचं भोकही उघडं पडणार.” त्याने कात्री गपचूप खाली ठेवली. “आणि हो,” ती म्हणाली, “पुढच्या कोटापासून अक्षरं मोठी काढणार.”