अंगणातली लाल खुंटी

मालाकीने लाल खुंटी मावशीच्याच अंगणात ठोकली आणि हातोडी खाली ठेवताना त्याला मान वर करवेना.

रस्त्याची दैना त्या बेटावरच्या आपिया शहरात कोणाला सांगायला नको होती. गटार फुटून घाण पिण्याच्या नळात शिरायची, विजेचे खांब कलंडले होते. बांधकाम खात्यात इंजिनियर झाल्यापासून मालाकी या कामासाठी भांडत होता. अखेर मंजुरी आली, तर तो जिथे लहानाचा मोठा झाला तेच घर रुंदीकरणात आलं.

त्या रस्त्यावर घरोघरी अंगणात वाडवडिलांच्या कबरी. त्यांना हात लावायची खात्यात कोणाची छाती नव्हती. कबर दिसली की नकाशावरची रेघ निमूट वळायची आणि ज्याच्या दारी कबर नाही त्याच्या बोकांडी बसायची. सिनापाती मावशीचा नवरा समुद्रात गेलेला. पुरायला काही हाती लागलंच नव्हतं.

"मी खूप खटपट केली, मावशी. पण लेकीनातवंडांना घेऊन तुला दुसरीकडे जावंच लागेल."

"ती कुठे जायची नाहीत," मावशी शांतपणे म्हणाली. "नकाशावर सही कधी?"

"पुढच्या शुक्रवारी."

तिने मान डोलावली आणि अर्धवट राहिलेली चटई विणायला घेतली. लग्नात नाहीतर मयतीत द्यायची तलम, मानाची चटई होती. लग्न कोणाचं, असं त्याने विचारलं, तर घरातलंच कार्य आहे म्हणाली. तेवढ्यात फाटकाशी इस्पितळाची गाडी वाजली. ही गाडी तिला दिवसाआड डायलिसिसला न्यायची. घरी पाहुणा आलाय, आज जमायचं नाही, असं सांगून तिने गाडी परत पाठवली. आपल्यापायी तिची एक खेप चुकली, म्हणून मालाकी मनात चुटपुटला.

पुढच्या बुधवारी बघतात तो खुंटीच्या जागी सिमेंटची कबर. खात्यात हशा पिकला. असले चाळे प्रत्येक रस्त्याला व्हायचे.

"तुझी मावशी भलतीच चलाख," साहेब म्हणाले. "पण फसवायचंच तर वर नाव तरी घालायचं."

उघडून बघायचा हुकूम मालाकीलाच सुटला. सगळी आळी बघत असताना त्याने झाकण सरकवलं. आत नुसती कोरडी रेती होती, हाताने सारखी केलेली.

शरमेने त्याचे कान तापले. एकदा खोटं बोलला म्हणून हिनेच त्याला झाडूने बडवलं होतं, आणि आता हे? मावशी ओट्यावर चटईची शेवटची कड आवळत होती. पाय टम्म सुजलेले, बोलताना धाप लागत होती.

"रिकाम्या कबरीसाठी रेघ वळत नाही, मावशी."

"ठाऊक आहे. सही परवाच ना?"

"हो. आता माझ्या हातात काही नाही."

"तुझ्या हातात आहे असं कुठे म्हणतेय मी? झाकण तेवढं नीट ठेव. तडा जायला नको."

फाटकाशी गाडी वाजली. मावशी जागची हलेना, म्हणून मालाकीच सांगायला गेला.

"आजही नाही?" ड्रायव्हर म्हणाला. "साहेब, तुम्ही खुंटी ठोकलीत त्या दिवसापासून बाई एकदाही आल्या नाहीत."