थेट विमान

तिकिटं काढून देणाऱ्या बाईंनी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवली. "हे बघा, थेट विमान. नऊ तासांत घरी."

"ते नको. दोनदा बदलावं लागतं असं काहीतरी दाखवा. दोन दिवस खाणारं."

बाईंच्या टेबलापाशी लोक एकेक तास वाचवायला हातापाया पडत. उशीर मागणारा हा पहिलाच. तरी त्यांनी शोधून दिलं. पठ्ठ्याने तिकीट काढलंच नाही. स्क्रीनचा फोटो काढला, बहिणीला पाठवला आणि तिथेच फोन स्पीकरवर टाकून गळा काढला.

"ताई, काय सांगू, थेट विमानच नाही गं! उद्या तुझं ऑपरेशन आणि मी पोचणार परवा. जीव नुसता तुटतोय. बाबांकडे बघायला शेजारचं कुणीतरी मिळेल ना?"

बाईंना शिसारी आली. घशाशी आलेली शिवी त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलली.

"नको रे जिवाला लावून घेऊस," ताई शांतपणे म्हणाली. "तू येणार नाहीस हे ठाऊकच होतं. म्हणून आज पहाटे बाबांनाच थेट विमानात बसवलं. संध्याकाळी तुझ्याकडे उतरतील. व्हीलचेअर सांगितलीय, तू फक्त घ्यायला जा."

फोन बंद झाला. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, त्यांना परत पाठवायला उद्याचं थेट विमान किती वाजता आहे?"

बाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

"काय सांगू," त्या म्हणाल्या, "थेट विमानच नाही हो!"