तीन फेटे

यंत्रानं दोन्ही पोरींची हाडं मोजली, दम मोजला आणि भाकीत सांगून टाकलं, "शंभर कुस्त्यांतल्या सत्त्याण्णव राजनंदिनी जिंकणार." झालं! पंचांनी राजनंदिनीला फेटा बांधला. जत्रेतल्या कुस्त्या आता अशाच व्हायच्या, अंगाला माती न लागता.

शाहीन मात्र जागची हलेना. तीन वर्षं रोज पहाटे हजार बैठका मारायची पोरगी, आणि तीन वर्षं न लढताच हरत होती.

"चल बाळ, पुढची जोडी थांबलीय," पंच म्हणाले.

"मामा, म्हणजे तीन कुस्त्या माझ्याच की! त्यातली एक आजची असंल."

लोक खदाखदा हसले. शाहीननं थेट आखाड्यात उडी टाकली, मूठभर लाल माती अंगाला चोळली आणि असा शड्डू ठोकला की हसणारे गपगार!

"अगं, निकाल लागलाय!" पंच ओरडले.

तेवढ्यात राजनंदिनीनं डोक्यावरचा फेटा काढून त्यांच्याच हातात कोंबला आणि तीपण मातीत उतरली.

"होऊ दे मामा. तीन वर्षांत तीन फेटे मिळाले, पण जिंकले एकदाही न्हाई."