ईपनच्या आवारातलं रान

"हललं!" कुरियाकोस कुजबुजला आणि त्याने बंदूक खांद्याला लावली.

फाटकाशी जमलेली गल्ली दोन पावलं मागे सरली. ईपनच्या आवारात पुरुषभर उंच रान माजलं होतं. विहिरीच्या बाजूला त्याचे शेंडे डुलत होते, आणि वारा तर मुळीच नव्हता. रानडुकरं मारायचा परवाना असलेल्या कुरियाकोसला पंचायतीने खास बोलावलं होतं. गवत कापायचं यंत्र घेऊन दोन माणसंही आली होती. आधी डुक्कर, मग रान, असं ठरलं होतं.

हे सगळं शेजारच्या पोथनच्या तक्रारीमुळे. गेल्या महिन्यात याच आवारातून उसळलेल्या डुकराने त्याच्या बायकोच्या, साराम्माच्या स्कूटरला धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. पोथनचे साबुकंदाचे वाफेही रोज उकरलेले सापडत. तेव्हापासून त्याने पंचायतीचा उंबरठा झिजवला होता.

घराचा धनी ईपन कुवेतला. बायको वारल्यापासून एकटाच. पूर्वी दर सुट्टीला जीपभर खोकी घेऊन यायचा. अत्तराची बाटली मिळाली नाही असं गल्लीत घर नसे. चर्चच्या सणाचा बँडही त्याच्याच नावाने वाजे. आमच्याकडे आखातातून आलेल्या माणसाच्या आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. तर असा हा ईपन आता कुणाचा फोनसुद्धा उचलत नव्हता. पैशाने फुगला की माणूस शेजार विसरतो, असं पोथन म्हणायचा, आणि गल्ली माना डोलवायची.

कुरियाकोस "अच्चाया, दादा, नको" म्हणत असताना पोथन कोयता घेऊन मागच्या भिंतीवरून आत उतरला होता. डुकराला फाटकाकडे हाकायचं काम त्याने मागून घेतलं होतं.

"तिकडे एसीत लोळतोय लेकाचा, आणि त्याची डुकरं आम्ही सांभाळायची!" असं पुटपुटत त्याने विहिरीजवळचं गवत बाजूला सारलं.

कठड्याला टेकून एक माणूस उकिडवा बसला होता. दाढी छातीपर्यंत, कमरेला विटकी लुंगी. पुढ्यात साबुकंद, पोथनच्याच वाफ्यातले, अजून ओली माती लागलेले. ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा पोथनने कोयता खाली टाकला.

"ईपन? अरे, तू..."

"कंपनी बुडाली, अच्चाया." ईपनने हात जोडले. "पावसाळ्याआधीच आलोय. रिकामा आलो. भिंतीवरून आत शिरलो, दाराचं कुलूपसुद्धा काढलं नाही. कुणाला तोंड दाखवू?"

"आता दिसतंय!" फाटकाकडून कुरियाकोस ओरडला. "अच्चाया, असाल तिथून बाजूला व्हा!"

माणूस आहे, असं ओरडायला पोथनने तोंड उघडलं. ईपनने त्याचा पाय धरला.

"लागली गोळी तर लागू द्या. पण माझं नाव घेऊ नका."

पोथन ताडकन त्याच्यापुढे उभा राहिला. दोन्ही हात वर केले. "मी आहे रे, मी! पोथन! डुक्कर-बिक्कर काही नाही इथे!"

फाटकाशी शिव्या आणि हसू एकदमच उसळलं. "आत्ता फुकट गेला असतात की!" कुरियाकोसने बंदूक खाली घेतली.

वॉर्डाची मेंबर ओमना पुढे झाली. "डुक्कर नसलं तर नसलं. यंत्र आलंच आहे, रान तरी काढून टाका."

यंत्राची घरघर सुरू झाली. पोथन रान तुडवत धावत आला आणि फाटकात आडवा उभा राहिला. घामाने निथळत होता. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बंद करा ते! ईपनचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात येतोय, जीप भरून. स्वतः साफ करून घेतो म्हणाला. माझी तक्रार मी मागे घेतली."

"अहो, काल तर माझ्या दारात ठाण मांडून बसला होतात!" ओमना भडकली. "तिकडे साराम्माताईचं हाड मोडलंय, आणि तुम्हाला त्या कुवेतवाल्याचा पुळका?"

"हाड आहे, ओमने," पोथन म्हणाला. "ते जुळतं."