झोळीतला बॉल

इंदूरकडच्या पोरांचा बॉल बाभळीत गेला आणि फुस्स करून बसला. फायनलचा सामना, दोन्हीकडे एकेक गोल, आणि खेळ अजून बराच बाकी. सगळी पोरं कमरेवर हात ठेवून वामनसरांकडे बघू लागली.

वामनसरांनी खांद्यावरची झोळी पोटाशी धरली.

"मास्साब, दूसरा बॉल निकालो," पाहुण्यांचा कप्तान म्हणाला.

"हा खेळायचा नाही."

"तो झोले में क्या तरबूज है?"

पाहुणे हसले. सरांच्या बुऱ्हाणपूरच्या टीममधलं कुणी हसलं नाही.

हा बॉल कॉलेजने जुलैत नवा घेतला होता. पंपाचं कातडं झिजलेलं, म्हणून सर बुधवारा पेठेतल्या घरी तोंडानेच आतलं रबरी ब्लॅडर फुंकत बसले होते. जमेना. टीमचा कप्तान गोटू बॉल न्यायला ओट्यावर येऊन बसला होता, तोही हसायला लागला. तेव्हा सरांची बायको मालती ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"द्या इकडे. चूल फुंकून फुंकून माझी छाती तुमच्यापेक्षा पक्की झालीय."

तिने लालबुंद होईपर्यंत फुंकलं. गोधडीच्या लाल दोऱ्याने रबराच्या नळीला गाठ मारली. सरांनी वरून कातड्याची नाडी आवळली. "राहू दे गोटू, उद्या ने," ती म्हणाली, "आज मला बघू दे जरा." दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. त्या तापातून ती उठली नाही.

घरात तिचं पुष्कळ काही राहिलं होतं. लुगडी होती, जोडवी होती, लोणच्याची बरणी होती. पण तिचा श्वास फक्त त्या बॉलमध्ये होता. सरांनी बॉल झोळीत घातला आणि झोळी खांद्यावरून उतरवेनासे झाले.

पहिल्याच आठवड्यात बॉल नरम पडू लागला. सर उठता-बसता दाबून बघायचे. करणार काय? गाठ सोडली तर आहे तेही जाणार. त्यांचं जेवण सुटलं. मग एका संध्याकाळी बॉल पुन्हा टणक लागला. पावसाळी हवेत कातडं आवळलं असेल, असं सरांनी मनाला सांगितलं आणि पुढे विचार केला नाही. त्या रात्री ते जेवले.

पोरं सगळा मोसम चिंध्या भरलेल्या जुन्या बॉलवर शिकली. सामना असला की समोरच्यांचा बॉल. छप्पन्नच्या नोव्हेंबरात नवं राज्य झालं, बुऱ्हाणपूर त्यात आलं, नागपूर बाहेर राहिलं, तिकडचे सामने सुटून इंदूरकडचे आले. पोरं जिंकत राहिली. नवा बॉल एकानेही मागितला नाही. सरांना वाटलं, विसरली असतील.

एकच कटकट होती. दर सोमवारी कुणाचा तरी पाय मुरगळायचा. बाकीचे तापीपर्यंत पळत जाऊन यायचे, सर सायकलवरून त्यांच्या मागे. झोळी खड्ड्यांत आपटू नये म्हणून मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाला टांगलेली. आणि पाय मुरगळलेला त्या लिंबाखाली लंगडत जाऊन बसायचा.

"केळी खाऊन खाऊन पाय पण केळीसारखे झालेत तुमचे," सर ओरडायचे.

आता रेफरी घड्याळाकडे बघत म्हणाला, "मास्तर, बॉल देणार नसाल तर सामना त्यांना द्यावा लागेल."

"देऊन टाका त्यांना सामना, साहेब," गोटू म्हणाला. "आमचं काही म्हणणं नाही."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा गुडघा सोलवटला होता. त्याचा बाप शाहपूरहून बैलगाडी भरून माणसं घेऊन आला होता, आणि ती सगळी माणसं रेषेबाहेर उभी होती. सरांनी झोळीत हात घातला.

रेफरीने बॉल अंगठ्याने दाबला. "नरम आहे. हवा भरून घ्या."

रविवार होता. रविवारी तो असाच असायचा.

पाहुण्यांनी पंप पुढे केला. "गाठ मी सोडतो," सर म्हणाले आणि मैदानातच मांडी घालून बसले. त्यांनी बॉल क्षणभर गालाला लावला. कातड्याची नाडी काढली. मग त्यांनी फटीत बोट घालून रबराची नळी बाहेर ओढली.

नळीला लाल दोरा नव्हता. बुटाच्या काळ्या नाडीचा तुकडा होता.

सरांनी त्या गाठीवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वर पाहिलं. त्यांची सगळी पोरं माना खाली घालून उभी होती.

"गोटू, तिची हवा कुठे गेली?"

"ती पहिल्याच आठवड्यात गेली, सर. तुम्ही जेवत नव्हता."

"मग ही कुणाची?"

गोटूने बुटाच्या टोकाने माती उकरली.

"दर सोमवारी ज्याचा पाय मुरगळायचा, त्याची."