कोंडलेली मांजर

शेजारच्या एकट्या मावशींची मांजर टेलरभाऊंच्या वाफ्यात उकरून घाण करायची, आणि मावशी रोज सकाळी खुरपं नि पिशवी घेऊन ती उचलायला यायच्या. "मुका जीव आहे भाऊ, त्याला काय कळतंय!"

मांजरीला मारायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद होती. म्हणून भाऊंनी संत्र्याची सालं पसरून पाहिली, काटक्या रोवल्या, माती ओली ठेवली. मांजर ढिम्म. शेवटी एकदा ते कुंपणावरून ओरडलेच, "मावशी, पुन्हा ही इकडे दिसली तर माझ्यासारखा वाईट कुणी नाही!"

मावशींचा चेहरा एवढासा झाला. "घरात कोंडून ठेवते हो. आता नाही यायची."

खरंच आली नाही. मावशीही आल्या नाहीत.

"अहो, मांजर आतून सारखी ओरडतेय," बायको म्हणाली.

"कोंडलीय म्हणून ओरडतेय. ओरडू दे. आपला वाफा तरी स्वच्छ राहिला!"

पुढच्या आठवड्यात बागेत घाण वास सुटला. भाऊंचं डोकंच फिरलं. "सोडलीच शेवटी म्हातारीने!" त्यांनी अख्खा वाफा उकरला, हाताने लावलेली रोपंसुद्धा उपटली. घाण कुठेच सापडेना. वास मात्र वाऱ्याबरोबर येतच होता, कुंपणापलीकडून.

भाऊंनी मान वर केली. मावशींच्या बंद खिडकीत मांजर काचेवर नखं मारत होती. आतून.

मावशींनी शब्द पाळला होता.