मनुबाईचा झेल

"तीन बॉल, सहा रन! आणि समोर साक्षी!" मांडवातल्या माइकवर अंबाजी गरजला. "सासवांनो, सांभाळा. सुना आज सोडायच्या न्हायत."

थळ गावाच्या अलीकडचं, भात कापून मोकळं झालेलं शेत. हळदीकुंकवाचा दिवस, दुपारचे चार. वाण वाटून झाल्यावर यंदा बायकांनी सरळ सामनाच लावला होता, सासवा विरुद्ध सुना. जिंकेल त्या टीममधल्या प्रत्येकीला कुकर. बॅटिंगला होती अंबाजीची सून साक्षी, आणि लांब बाउंड्रीच्या दोरीपाशी उभी होती अंबाजीची बायको मनुबाई. टीमचा टी-शर्ट दंडात अडकला म्हणून ती नुसत्या साडीवरच उतरली होती. पदर मात्र कमरेला घट्ट खोचलेला, आणि पुढे झोळीसारखा ओचा खोचलेला. वालाच्या शेंगा खुडताना खोचायची ना, तस्सा. हाताची सवय, दुसरं काय! वाणात मिळालेली बोरंही तिने त्याच ओच्यात टाकली होती.

मनुबाईला कुकर नको होता. घरात दोन होते. एकाची शिट्टी वाजत नव्हती, पण ते जाऊ द्या. तिला एवढंच हवं होतं, की आज सगळ्या गावासमोर तो शब्द आपल्या नावावर पडू नये.

फंबल.

टीव्हीवरच्या कॉमेंट्रीतून अंबाजीने हा शब्द उचलला, त्याला वीस वर्षं झाली. बॉल हातात येऊन सुटला, की अंबाजी माइकवर 'फंऽऽबल' असं काही लांबवायचा, की तो फील्डर पुढची मॅच खेळायलाच येत नसे. इथवर ठीक. पण हा गृहस्थ तो शब्द घरी घेऊन आला! दूध उतू गेलं, फंबल. धुताना बोंबील निसटला, फंबल. मुलाच्या सोयरिकीत मनुबाई भोळेपणाने त्याचा खरा पगार सांगून बसली, तर पाहुण्यांच्या देखत, फंबल. आणि वर शिकवण, "दोन हातांनी धरायचं गो, दोन हातांनी!" स्वतः कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही. ज्याने काही उचललंच नाही, त्याच्या हातून सुटणार तरी काय?

सासवांकडून नीराबाईने बॉल टाकला. टाकला म्हणजे देवाचं नाव घेऊन सोडला. साक्षीने डोळे मिटून बॅट फिरवली.

बॉल वर गेला. चांगला वर गेला. खाऱ्या वाऱ्याने त्याला थोडं ढकललं आणि तो मनुबाईच्या डोक्यावर येऊन खाली वळला.

"हवेत हाय! खाली मनुबाई!" अंबाजीचा आवाज चढला. "दोन हातांनी! दोन हातांनी गो!"

मनुबाईने दोन हात वर केले. बॉल तळव्यावर आपटून उडाला.

"फं..." अंबाजीने सुरुवातच केली.

तिने परत हात मारला. बॉल खांद्याला लागला, मग हनुवटीला. ती स्वतःभोवती गोल फिरली, आणि बॉल दिसेनासा झाला. जमिनीवर नाही, दोरीपलीकडेही नाही. सगळ्या जणी माना वाकड्या करून शोधायला लागल्या. मनुबाईने ओच्यात हात घातला आणि थबकली. बोरांमध्ये बॉल होता.

तिने तो वर धरला.

अंपायर निकेत, म्हणजे शाळेतला पीटीचा मास्तर, पुरता गोंधळला. असा झेल त्याने जन्मात पाहिला नव्हता. "अंबाजीकाका," तो मांडवाकडे बघून ओरडला, "ओच्यात पडलेला झेल चालतो काय? तुम्हीच सांगा."

नियम अंबाजीला तोंडपाठ होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सगळं शेत मांडवाकडे बघायला लागलं. साक्षी बॅट काखेत मारून हसत उभी होती. "बाबा, खरं तेच सांगा हां!"

 बॉल छातीशी धरून मनुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. 

अंबाजी ताडकन उठला. सांगायला तोंड उघडलं, आणि माइक त्याच्या हातातून सुटला. आधी टेबलावर, मग चहाच्या पेल्यावर, मग मातीत. कर्ण्यातून धाडकन आवाज झाला, पाठोपाठ अशी शीळ निघाली की बायकांनी कान झाकून घेतले. पण अंबाजीला माइक लागतो कुठे!

"आऊट!" तो मोकळ्या गळ्याने ओरडला. "जमिनीला टेकला न्हाय, कपड्यात ऱ्हायला! आऊट म्हंजे आऊट! बायको हाय माझी ती!"

 मग सासवा आणि सुना, सगळ्या एकदम, "फंऽऽऽबल!"

अंबाजी खाली वाकून माइक शोधत होता. खुर्चीखाली चाचपत होता, कान लाल झाले होते. मनुबाई दोरी सोडून सावकाश मांडवाकडे चालत आली. माइक तिच्या पायाशीच पडला होता. तिने तो उचलला, पदराने पुसला, त्याच्यावरचा चहा झटकला. गालातलं हसू काही केल्या लपत नव्हतं. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या शेताने ऐकलं.

"दोन हातांनी धरा," ती म्हणाली. "अजून दोन बॉल हायेत."